झाडावर आदळलेली मॅकलॅरेन

४ ऑगस्ट २०११. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायर परगण्यात, हॅडन गावाजवळच्या ए-६०५ रस्त्यावर गर्द डाळिंबी रंगाची एक मॅकलॅरेन एफ-१ घसरली, गरगरत रस्त्याबाहेर गेली आणि झाडावर आदळली. धक्का इतका जबर होता की इंजिन गाडीपासून तुटून वेगळं झालं आणि काही अंतरावर जाऊन पडलं. चालकाच्या खांद्याला मार लागला, पण तो आपल्या पायांनी बाहेर आला. हा चालक म्हणजे रोवन अॅटकिन्सन, घरोघरी ‘मिस्टर बीन’ म्हणून ओळखला जाणारा नट.

अपघाताचे फोटो छापून आले तेव्हा बहुतेकांनी गाडीचा नाद सोडून दिला असणार. मागचा अर्धा भाग जागेवर नाही, काचा फुटलेल्या, दार लोंबतंय. तरीही ही गाडी वर्षभराहून अधिक काळ चाललेल्या कामानंतर पुन्हा रस्त्यावर आली. विमा कंपनीने त्यासाठी ९,१०,००० पौंड मोजले. ब्रिटनमध्ये एका गाडीच्या दुरुस्तीसाठी तोवर दिलेली ती सर्वांत मोठी रक्कम, अशा बातम्या तेव्हा झाल्या. चर्चा पैशांचीच झाली. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो यामागचा तंत्रविचार: एवढी मोडलेली गाडी ‘दुरुस्त होण्याजोगी’ आहे हे ठरवतात कसं, आणि ती नव्याने बांधताना तिच्यातलं काय जपायचं नि काय बदलायचं?

या प्रश्नाची मुळं तीस वर्षं मागे, इटलीतल्या मोंझाच्या शर्यतमार्गावर आहेत. १९८१ साली मॅकलॅरेन संघाने जॉन बार्नार्ड या अभियंत्याने आखलेली एमपी-४/१ नावाची शर्यतीची गाडी उतरवली. फॉर्म्युला वनमध्ये तोवर चालकाभोवतीचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा असे. बार्नार्डने तो कार्बन फायबरचा केला. हे काम करून द्यायला ब्रिटनमध्ये कुणी राजी होईना, तेव्हा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या हर्क्युलिस या कंपनीने ते केलं. गाडी हलकी होती, ताठ होती, त्या जुलैत तिने सिल्व्हरस्टोनची ब्रिटिश ग्रांप्रीही जिंकली. तरी मनात एक भीती सगळ्यांच्याच होती. कार्बन वाकत नाही, मग आदळल्यावर त्याचा काचेसारखा चुरा झाला तर आतल्या माणसाचं काय?

उत्तर सप्टेंबरमध्ये मिळालं. मोंझाच्या लेस्मो वळणावर मॅकलॅरेनचा चालक जॉन वॉटसन याची गाडी कठड्यावर आदळली. इंजिन नि गिअरबॉक्स तुटून रस्त्यावर घरंगळत गेले. पुढचा कार्बनचा भाग, म्हणजे जिथे माणूस बसतो तेवढा, शाबूत राहिला. वॉटसन त्यातून उठून चालत गेला. त्या दिवसानंतर कार्बनविषयीचा वाद मिटत गेला आणि काही वर्षांत सगळे संघ त्याच वाटेने गेले.

वॉटसनचा अपघात आणि अॅटकिन्सनचा अपघात शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत इंजिन सुटलं, दोन्हींत माणूस बसतो तो भाग टिकला. गाडीतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे इंजिन. ती सुटून गेली की आपल्या वाट्याची गतिज ऊर्जा सोबत घेऊन जाते. मागे उरलेल्या हलक्या कोशाला तेवढा कमी मार सोसावा लागतो. पाहणाऱ्याला हे दृश्य भयंकर वाटतं, पण प्रवाशाच्या जिवाच्या दृष्टीने ते बरंच असतं.

रस्त्यावरची मॅकलॅरेन एफ-१ सुचली तीही मोंझाच्याच निमित्ताने. १९८८ च्या हंगामात मॅकलॅरेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या आणि हरली ती एकच, मोंझाची. त्या शर्यतीनंतर मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाला उशीर झाला. संघाचे प्रमुख रॉन डेनिस, भागीदार मन्सूर ओज्जे, क्राइटन ब्राउन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये जन्मलेला अभियंता गॉर्डन मरे असे चौघे वाट पाहत बसले होते. आपण एकदा रस्त्यावरची उत्तमातली उत्तम गाडी करून पाहावी, हा विचार त्या गप्पांत पक्का झाला. १९९२ ते १९९८ या काळात सगळे प्रकार धरून अशा फक्त १०६ गाड्या झाल्या. चालक मधोमध, दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे. बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशने खास बांधलेलं ६.१ लिटरचं, बारा सिलिंडरचं, ६२७ अश्वशक्तीचं इंजिन. त्याची उष्णता परतवायला इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख, कारण उष्णतेचे किरण परतवण्यात सोन्याचा हात धरणारं फारसं काही नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. आणि पूर्ण सांगाडा कार्बन फायबरचा. विक्रीसाठी रस्त्यावर आलेल्या गाड्यांत हे तेव्हा दुर्मीळ होतं. १९९८ च्या मार्चमध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. हा विक्रम पुढे बरीच वर्षं टिकला.

आता दुरुस्तीकडे वळू. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगला जाणारी गाडी बहुतेक वेळा पोलादी पत्र्याची असते. तिचा सांगाडा आणि बाहेरचं अंग वेगळं नसतं. सगळा पत्रा मिळून भार पेलतो. अशा गाडीला मोठा धक्का बसला की तिला पोलादी चौकटीवर घट्ट बांधतात. सांगाड्यावरचे ठरावीक बिंदू, म्हणजे सस्पेन्शन जिथे अडकतं, इंजिन जिथे बसतं त्या जागा, कंपनीच्या आकड्यांशी मिलिमीटरमध्ये ताडून पाहतात. कुठला बिंदू किती सरकला ते कळलं की साखळ्या लावून हायड्रॉलिक जोराने तो हळूहळू जागेवर ओढतात. पोलाद वाकलं तर दिसतं, बऱ्याच मर्यादेपर्यंत ते परत सरळही होतं. पण दरवाज्याच्या खांबांत हल्ली जे अतिकठीण पोलाद वापरतात ते तापवून सरळ करायचं नसतं. तापवलं की त्याचा कणखरपणाच जातो. तो भाग कापून नवाच बसवावा लागतो. वरून रंग चकाचक, आत मात्र तापवून ठोकलेला खांब, अशा गाड्या बाजारात फिरत असतात आणि पुढच्या अपघातात त्यांच्यातल्या माणसांना त्याची किंमत मोजावी लागते. जुनी गाडी घेताना रंगाआधी या जागा पाहायला हव्यात.

अॅल्युमिनियमची तऱ्हा वेगळी. १९९६ साली आलेल्या लोटस इलीजचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सी गोंदाने चिकटवून केलेला आहे आणि त्याचं वजन जेमतेम ६८ किलो. त्याच्या पुढे धक्का खाऊन चिरडण्यासाठी मिश्र तंतूंचा वेगळा भाग लावलेला असतो. तो गेला तर बदलता येतो. पण मूळ सांगाडाच वाकला, तर तो ओढून सरळ करायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. नवा सांगाडा आणून जुन्या गाडीचे अवयव त्यावर चढवतात.

कार्बन फायबर या दोघांहून निराळं. त्याचा एकेक तंतू साधारण सात मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. तंतू लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसतो, आडव्या दिशेने मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणून राळेत भिजवलेली तंतूंची कापडं थरावर थर देताना प्रत्येक थराची दिशा बदलतात. एक उभा, पुढचा तिरपा, त्यापुढचा आडवा. कुठल्या जागी कुठल्या दिशेने भार येणार याचं गणित त्या थरांत दडलेलं असतं. मग ते सगळं हवा काढून, दाबाखाली, भट्टीत भाजून पक्कं करतात. धक्का बसला की कार्बन वाकत नाही. जिथे मार बसतो तिथे त्याचे बारीक तुकडे होत जातात, आणि तुकडे होण्याच्या या क्रियेतच धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते. किलोमागे किलो पाहिलं तर नीट आखलेला कार्बनचा भाग पोलादापेक्षा बरीच जास्त ऊर्जा पचवतो.

अडचण पुढे येते. वरून धडधाकट दिसणाऱ्या कार्बनच्या आत थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. नजरेला काही दिसत नाही, ताकद मात्र गेलेली असते. म्हणून तपासणीची पहिली पायरी अगदी जुनी आहे: कुंभाराकडे मडकं घेताना टिचकी मारून पारखतात, तसं सगळ्या पृष्ठभागावर हलके ठोके देत आवाज ऐकायचा. टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आत काहीतरी सुटलंय. त्यानंतर श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून आतल्या थरांचा नकाशा काढतात. विमानांच्या देखभालीत हीच पद्धत चालते, आणि कार्बनच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांनी बरंचसं ज्ञान तिथूनच घेतलं आहे.

सुटलेला भाग सापडला तर तो नुसता भरून चालत नाही. सगळे खराब थर पायऱ्यापायऱ्यांनी, अगदी सौम्य उतार ठेवून घासून काढावे लागतात. थराच्या जाडीच्या वीसपट, प्रसंगी त्याहून कितीतरी जास्त लांबीचा हा उतार असतो, कारण जुन्या आणि नव्या कार्बनमधला भार एका रेषेवर न येता पसरून जायला हवा. मग प्रत्येक काढलेल्या थराच्या जागी त्याच दिशेचा नवा थर, वरून हवाबंद पिशवी, आतली हवा ओढून घेणं आणि ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ उष्णता. दिशा चुकली तर दुरुस्ती दिसायला सुंदर आणि भार पेलायला कुचकामी. थरांच्या दिशांची ही कुंडली ज्याच्याकडे आहे त्यानेच हे काम करावं. अॅटकिन्सनची गाडी इंग्लंडमधल्या वोकिंगला, खुद्द मॅकलॅरेनच्या कार्यशाळेत गेली, त्यामागचं मोठं कारण हेच.

सांगाडा ठीक झाला तरी निम्मंही काम झालेलं नसतं. सस्पेन्शनच्या दांड्या, चाकं, ब्रेकचे भाग यांत केसाएवढ्या भेगा पडलेल्या असू शकतात. त्यांवर रंगीत, पातळ द्रव लावून पुसून घेतात. भेगेत मुरलेला द्रव मागाहून वर येतो आणि भेग दाखवतो. एफ-१ ची चाकं मॅग्नेशियमची असल्यामुळे ही तपासणी आणखीच महत्त्वाची. इंजिन वेगळं होऊन पडलं म्हणजे ते पूर्ण उघडून पाहणं आलंच. एका बाबतीत या गाडीचे कारागीर तयारीचे असतात: एफ-१ ची इंधनाची टाकी रबरी पिशवीची आहे, ती दर पाच वर्षांनी बदलायची असते, आणि त्यासाठी इंजिन खाली उतरवावंच लागतं.

या गाडीच्या निदानासाठी लागणारं जुनं सॉफ्टवेअर कॉम्पॅक कंपनीच्या नव्वदीतल्या एका विशिष्ट लॅपटॉपवरच, त्यात खास कार्ड बसवून, चालत असे. त्यामुळे जगातली एक अत्यंत महागडी गाडी सांभाळायला मॅकलॅरेनला ते जुने लॅपटॉप शोधून जपावे लागत होते. २०१६ साली ही गोष्ट बाहेर आली तेव्हा त्याला पर्याय तयार होत असल्याचंही कंपनीने सांगितलं. गाडीचे सुटे भाग जपणं आपल्याला कळतं. तिच्याशी बोलणारं यंत्र जपणंही तितकंच गरजेचं आहे, हे मात्र आता आता ध्यानात येऊ लागलंय.

मग हा खर्च विमा कंपनीने का केला? हिशेब सरळ होता. एफ-१ ची किंमत तेव्हा ३५ लाख पौंडांच्या आसपास सांगितली जात होती. दुरुस्ती त्याच्या साधारण चौथ्या हिश्शात होत होती. भारतात साधारण नियम असा की दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. म्हणजे बारा-पंधरा वर्षांची साधी गाडी छोट्या अपघातातही भंगारात जाते आणि दुर्मीळ गाडी अर्धी मोडली तरी वाचते. धातूची अवस्था नव्हे, बाजारभाव निकाल देतो. २००० साली कॅलिफोर्नियात इलॉन मस्कची एफ-१ अपघातात सापडली, तेव्हा तर तिचा विमाच उतरवलेला नव्हता. तीही दुरुस्त झाली, पण मालकाच्या खिशातून.

गाडी एवढी उघडलीच आहे, तर बांधताना थोडी आपल्या मनाप्रमाणे करून घ्यावी, हा मोह कुठल्याही मालकाला होतो. त्यात गैर काहीच नाही. शर्यतीच्या दुनियेत तर ती परंपराच होती. रॉब वॉकर या संघमालकाची गडद निळी फेरारी २५० जीटी घेऊन स्टर्लिंग मॉसने १९६१ ची गुडवुडची टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. पुढच्याच वर्षी त्याच मार्गावर, दुसऱ्या मालकाच्या काळात, त्या गाडीला अपघात झाला. मालकाने ती जुन्या रूपात उभी केली नाही. इटलीतल्या मोदेना शहरी पिएरो द्रोगोची कार्यशाळा होती. अपघात झालेल्या फेराऱ्यांना नवं, हवा कापणारं, चपटं अंग घालून देण्यात तो वाकबगार होता. मॉसच्या गाडीलाही तसंच नवं अंग मिळालं. शर्यतीच्या गाडीचं काम वेगाने धावणं, तेव्हा मोडली म्हणून जुनं रूप परत आणण्यापेक्षा तिला आणखी वेगवान करणं त्या काळच्या लोकांना अगदी स्वाभाविक वाटे. काही दशकांनी काळ बदलला. मॉसने जिंकलेली गाडी म्हणून तिला मोल आलं आणि १९६१ च्या रूपात ती पुन्हा नेली गेली. यात मला थोडी हळहळ वाटते. द्रोगोचं अंगही त्या गाडीच्या आयुष्याचा खराखुरा भाग होतं. ते एका उत्तम कारागिराच्या हातचं होतं.

बदल करणारा कोण, यावर बाजार किती अवलंबून असतो हे एफ-१ मध्येच दिसतं. १९९५ साली ल मां इथली चोवीस तासांची शर्यत एफ-१ च्या शर्यती रूपाने जिंकली आणि पाच गाड्यांनी ती पुरी केली. त्या आठवणीत ‘एलएम’ नावाच्या पाच खास गाड्या झाल्या. नंतर मॅकलॅरेनने आधी विकलेल्या दोन साध्या एफ-१ मालकांच्या मागणीवरून त्याच दर्जाला नेऊन दिल्या: जास्त ताकदीचं इंजिन, मोठी चाकं, अंगावर हवेचा दाब वाढवणारे पंख. त्यांतली एक, अठराव्या क्रमांकाची, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टेरेच्या लिलावात १ कोटी ९८ लाख डॉलरना गेली. दोन वर्षांनी पेबल बीचला एकोणतिसाव्या क्रमांकाची एफ-१ २ कोटी ४ लाख डॉलरना विकली गेली. ती कारखान्यातून निघाली तशीच होती आणि सबंध आयुष्यात जेमतेम ३९० किलोमीटर चालली होती. म्हणजे मूळ कर्त्याने केलेला, कागदोपत्री नोंदलेला बदल गाडीचं मोल फारसं घटवत नाही. मागे काही नोंद न ठेवता केलेलं काम मात्र कितीही चांगलं असलं तरी संशयाच्या खात्यात जातं.

आपल्याकडे हौशी बदल करू पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानुसार, कंपनीच्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. रंग बदलायचा तरी नोंदणीपुस्तकात तो चढवून घ्यावा लागतो. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येतो, तो वेगळाच.

अॅटकिन्सनने आपल्या गाडीत असली हौस केल्याचं दिसत नाही. त्याने ती होती तशी, त्याच डाळिंबी रंगात परत घेतली. हा माणूस मुळात विद्युत अभियांत्रिकी शिकलेला. न्यूकॅसलला पदवी, ऑक्सफर्डला पदव्युत्तर शिक्षण. मोटारींवर त्याने नियतकालिकांतून लिहिलंय, शर्यतींत भागही घेतलाय. त्याची एफ-१ याआधीही एकदा लँकेशरमध्ये पुढच्या ऑस्टिन मेट्रोवर मागून आदळली होती आणि दुरुस्त झाली होती. १९९७ साली घेतलेली ही गाडी त्याने काचेच्या खोलीत ठेवली नाही. बाजारहाटाला नेली, मुलांना शाळेत सोडायला नेली, दूरच्या प्रवासाला नेली. मोठ्या अपघातानंतर दुरुस्त होऊन आल्यावरही चालवली. २०१५ साली ती विकायला काढली तेव्हा तिच्या अंगावर सुमारे ४१,००० मैल, म्हणजे ६६,००० किलोमीटर होते. बहुतेक एफ-१ गाड्यांच्या नशिबी एवढं अंतर येत नाही. दोन अपघात जगजाहीर, मोठ्या अपघाताचे फोटो जगभर छापून आलेले. तरीही विकली जाताना तिची किंमत ८० लाख पौंडांच्या घरात होती.